आडजात : पश्चिम किनाऱ्यावरील नौकाबांधणी आणि पर्यायी लाकडाचा प्रश्न

इमारती लाकडाच्या वखारीत आणि वनखात्याच्या दप्तरात मराठीत लाकडाचे ढोबळमानाने दोनच वर्ग मानले जातात : साग आणि आडजात. पहिल्या वर्गात एकच झाड आहे. दुसऱ्यात ऐन, किंजळ, नाणा, फणस, आंबा, उंडी, शिवण असे उरलेले सगळे रान येते. ‘आड’ हे उपपद मराठीत मुळात हीनतादर्शक नव्हे. आडवाट ही वाईट वाट नसते, ती हमरस्त्याच्या बाजूची असते इतकेच. तेव्हा आडजात म्हणजे मुख्य जातीच्या बाजूची जात. पण मुख्य जात कोणती, हे कोणी ठरविले? नौकाबांधणीच्या इतिहासात मुख्य लाकूड व पर्यायी लाकूड हा भेद झाडाच्या अंगच्या गुणांवर जितका ठरला, तितकाच झाडावर हक्क कोणाचा आणि त्याची किंमत कोणी सोसावयाची यावरही ठरला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पश्चिम किनाऱ्यावरील काही प्रसंगांच्या आधारे त्याची छाननी येथे करावयाची आहे.

प्रथम सागाविषयी. संस्कृत ‘शाक’ या वृक्षनामापासून प्राकृताच्या द्वारे मराठी ‘साग’ आला. त्याच शब्दाचे अरबी-फारसीतील रूप ‘साज’. इंग्रजी ‘टीक’ मात्र मलयाळम ‘तेक्कु’पासून पोर्तुगीज ‘तेका’च्या मार्गाने गेला. एकाच लाकडाची दोन नावे दोन दिशांनी परदेशी गेली, यावरूनच ते दोन निरनिराळ्या बाजारपेठांतून विकले जात असावे, असे अनुमान करता येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचहून इराणी आखाताकडे जाणाऱ्या मालात लाकडाचा उल्लेख आहे. तेथील शब्द चंदनाचा की सागाचा, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पाठाचा हा वाद कसाही सुटो; जहाजे भरून जाणारे लाकूड सुगंधी नव्हे, बांधकामाचे असणे अधिक संभवनीय दिसते, कारण आखाताच्या किनाऱ्यावर जहाजास योग्य असे रान नव्हतेच. पुढे बाराव्या शतकात इब्न जुबैर या प्रवाशाने तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरातील काथ्याने शिवलेल्या ‘जलबा’ नावाच्या नौकांचे वर्णन केले, त्यातही लाकूड हिंदुस्थानातून येई असे सांगितले आहे. (आपल्या ‘गलबत’ शब्दाचे मूळ ही ‘जलबा’ की पोर्तुगीज ‘गलेओता’, हा वाद अद्याप मिटलेला नाही.)

आखातातील लोकांना साग विकत घ्यावा लागे. ज्यांना तो परवडत नसे, त्यांनी काय केले याचा एक नमुना दहाव्या शतकाच्या आरंभी सिराफच्या अबू झैदने नोंदविला आहे. ओमानचे लोक सुतारकामाची हत्यारे घेऊन माडांच्या बेटांवर जात. तेथे माड तोडून वाळवीत, त्याच्या फळ्या काढीत, सोडणांच्या काथ्याचे दोर वळीत, त्या दोरांनी फळ्या शिवून नौका उभी करीत. डोलकाठी माडाचीच, शीडही माडाचेच. आणि शेवटी नौकेत नारळ भरून घरी परतत. माडाचे खोड नौकेस उत्तम म्हणावे असे नाही. त्याचा बाहेरचा भाग टणक असला तरी गाभा मऊ असतो, आणि रुंद फळी त्यातून निघत नाही. परंतु येथे लाकडासाठी रोख पैसा मोजावा लागत नव्हता, आणि एकाच झाडातून फळी, दोर, शीड व मालही मिळत होता. पर्यायी लाकडाची किंमत केवळ फळीच्या भावाने मोजता येत नाही, हे या वृत्तान्तावरून स्पष्ट होते.

यानंतरचा महत्त्वाचा पुरावा मराठी आहे. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी आरंभिली. ‘आरमार’ हा शब्दच पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आलेला. या आरमाराच्या लाकडाविषयीचे सविस्तर विवेचन ‘आज्ञापत्र’ या राजनीतिविषयक ग्रंथात आढळते. तो रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असून त्याचा काळ सामान्यत: १७१५ च्या सुमारास मानला जातो. त्यातील झाडांविषयीचा मजकूर हल्ली पुष्कळदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून उद्धृत केला जातो, ते बरोबर नव्हे. त्यात महाराजांच्या धोरणाचे प्रतिबिंब असेल, नव्हे असावेच. परंतु ते पत्र नव्हे, उत्तरकालीन ग्रंथ आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा फरक पाळलाच पाहिजे.

ग्रंथकाराची मांडणी क्रमवार आहे. जहाजे फार मोठीही नसावीत व फार लहानही नसावीत, असे तो आधी सांगतो. त्याचा हेतू लष्करी असला, तरी या मध्यम आकाराचा एक परिणाम लाकडावर होतो : जहाज जितके मोठे, तितके अखंड व प्रचंड लाकूड लागते, आणि तेच सर्वांत दुर्मीळ. त्यानंतर लाकडाचे मार्ग येतात. राज्याच्या अरण्यातील सागासारखी झाडे हुजुरास कळवून, परवानगी घेऊन तोडावीत. कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगी आहे, पण त्यास हात लावू नये. कारण ती झाडे रयतेने पुष्कळ वर्षे मुलांप्रमाणे वाढविलेली असतात आणि तोडल्यास तिच्या दु:खाला पारावार राहणार नाही. एखादे झाड फारच जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर मालकास राजी करून, पैसा देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी अजिबात करू नये.

या उताऱ्याची आजवर प्रशंसाच फार झाली. ती योग्य असली तरी त्यात एक गोष्ट झाकली जाते. ज्या गोष्टीचा निषेध इतक्या आग्रहाने करावा लागतो, ती घडत असली पाहिजे. आरमाराचे कामगार रयतेच्या आंब्या-फणसावर कुऱ्हाड घालीत असल्याशिवाय हा नियम लिहिण्याचे कारण नव्हते. आणि ते तसे का करीत, हे ओळखणे अवघड नाही. साग घाटाच्या रानात, दुर्गम जागी. तो तोडण्यास हुजुराची परवानगी आणि ओढून आणण्यास माणसे व जनावरे हवीत. परमुलखातील लाकडास रोकड हवी. आंबा मात्र गोदीपासून हाकेच्या अंतरावर, कोणाच्या तरी परसात उभा. तो स्वस्त होता तो केवळ या अर्थाने की, त्याची किंमत सरकारी खजिन्याऐवजी रयतेच्या पदरी पडत होती. ग्रंथकाराने हे नेमके हेरले, हे त्याचे खरे श्रेय. आंब्याचे लाकूड कमी प्रतीचे म्हणून तो ते वगळीत नाही. उलट ते उपयोगी असल्याचे मान्य करून मग मनाई करतो.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रकरणातील तीन शब्द विशेष बोलके वाटतील. लागणाऱ्या लाकडाचे वर्णन करताना ग्रंथात झाडाच्या जातीआधी आकार येतो : तख्ते, सोट आणि डोलाच्या काठ्या. ‘तख्ता’ हा फारसी शब्द, रुंद फळीचा. ‘सोट’ म्हणजे फांद्या नसलेले सरळ, जाड खोड; सोटमूळ या शब्दात तो आपल्या परिचयाचा आहे. डोलाची काठी म्हणजे उंच, सरळ, पण वजनाला हलकी व लवचीक. सुताराच्या दृष्टीने पर्यायाचा प्रश्न येथेच तीन वेगळ्या प्रश्नांत विभागला जातो. तख्त्यासाठी आंबा चालतो : झाड मोठे, फळी रुंद, काम करण्यास मऊ. मात्र तो ओल-उन्हाच्या फेऱ्यात लवकर कुजतो व त्यास कीड लागते, म्हणून तेलाचा हात वारंवार द्यावा लागतो. फणस अधिक टिकाऊ. सोटासाठी ऐन व किंजळ. दोन्ही कठीण व जड, पण ऐन वाळताना तडकतो आणि करवतीला दाद देत नाही. नौकेच्या बरगड्यांना तर सरळ लाकूड नकोच असते. तेथे बाभळीसारख्या झाडाची निसर्गत:च वाकलेली फांदी सागाच्या तासून वाकविलेल्या तुकड्यापेक्षा बळकट ठरते, कारण तिचा रेषा तुटत नाही. म्हणजे येथे ‘आडजात’ हेच मुख्य लाकूड झाले. डोलकाठीला मात्र साग जड पडतो. त्यासाठी नावाजलेले झाड उंडीच्या कुळातले, मलबार व कानडा प्रांतांतील अरण्यात सरळ उंच वाढणारे. संस्कृत ‘पुन्नाग’, मलयाळम ‘पुन्न’ आणि इंग्रज नाविकांचा ‘पून’ हे सारे एकाच शब्दपरिवारातले. किनाऱ्यावरची आपली उंडी वाकडीतिकडी वाढते, पण तिच्या बियांचे तेल नौकांना लावण्यास उपयोगी पडे. किनाऱ्यावरच्या सुताराजवळ प्रत्येक भागासाठी वेगळा पर्याय होता. सर्व पर्यायांना एका नावाखाली गोळा करण्याची गरज त्याला नव्हती. ती गरज व्यापाऱ्याला आणि पुढे सरकारला पडली.

आता दृष्टी थोडी उलट फिरवू. सागाला आपण मुख्य लाकूड म्हणतो. इंग्लंडच्या आरमाराच्या दृष्टीने तोच पर्यायी होता. तेथे मुख्य लाकूड ओक. अठराव्या शतकाच्या अखेरच्या युद्धांत जुने ओकवृक्ष संपत आले, आणि जहाजाजोगा ओक वाढावयास शंभर वर्षे लागतात. नेपोलियनने नाकेबंदी आरंभिल्यावर बाल्टिक समुद्राकडील लाकडाचाही भरवसा राहिला नाही. तेव्हा लक्ष मुंबईच्या गोदीकडे वळले. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने ही गोदी नावारूपास आणली होती. मुंबई बेटावर स्वत:चे रान नव्हते. लाकूड गुजरातेतून, उत्तर कोकणातून आणि मलबारातून येई. १८१० मध्ये ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ व १८१७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका येथे पाण्यात उतरली. नाइलाजाने घेतलेला हा पर्याय मुख्य लाकडाहून सरस निघाला. ओकातील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेलामुळे उलट ते सुरक्षित राहतात. ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन करून ठेवली आहे.

परंतु हा पर्याय कोणाला स्वस्त पडला? मलबारातील साग पुष्कळ ठिकाणी खाजगी जमीनदारांच्या मालकीच्या रानांत होता. १८०६ मध्ये कंपनी सरकारने कॅप्टन वॉटसन यांस वनरक्षक म्हणून नेमले आणि १८०७ च्या जाहीरनाम्याने सागावर राजसत्तेचा हक्क सांगून इतरांना तो तोडण्यास मनाई केली. रानांचे मालक, व्यापारी आणि सामान्य कुळे यांच्या तक्रारी वाढत गेल्या. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो हे या मक्तेदारीच्या विरोधात होते, आणि १८२३ मध्ये ती रद्द झाली. आज्ञापत्राशी येथे तुलना करण्याचा मोह होतो. ती सावधपणे केली पाहिजे. आज्ञापत्रातही अरण्यातील साग हुजुराच्या परवानगीनेच तोडावयाचा आहे, म्हणजे राजसत्तेचा हक्क दोन्हीकडे गृहीत आहे. भेद हा की, आज्ञापत्र रयतेने वाढविलेल्या झाडापाशी थांबते. १८०७ चा जाहीरनामा मालकीच्या रानातही शिरतो. शिवाय एक नीतिग्रंथ आहे, दुसरा अंमलात आलेला हुकूम. नीतिग्रंथातील वचनावरून व्यवहार तसाच होता असे म्हणता येत नाही.

मक्तेदारी गेली तरी कल्पना गेली नाही. १८६५ व १८७८ च्या वनविषयक कायद्यांनी सरकारचा अधिकार नव्याने बांधून काढला, आणि कोकणाच्या काही भागांत मालकीच्या जमिनीवरील सागावरही सरकारचा हक्क राखून ठेवला गेला. राखीव ते एक, बाकीचे दुसरे, ही विभागणी दप्तरात रुजली. सुतारांच्या बोलीतील भेद नष्ट झाले नाहीत, पण लिखित मराठीत ते ‘आडजात’ या एका शब्दाखाली दडपले गेले. शब्दाचा इतिहास याहून अधिक नेमका सांगण्यासाठी वखारींच्या जुन्या वह्या तपासावयास हव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेण्यासारखे आहे, आणि वह्या वाळवीच्या आधी गाठल्या पाहिजेत.

पुढे ही विभागणीही टिकली नाही. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या अनुसूचीत सागाबरोबर आंबा, फणस, ऐन व किंजळही आहेत. ज्या झाडांकडे होडीचा सुतार पर्याय म्हणून वळे, त्यांनाही आता परवानगी लागते. दरम्यान यंत्रनौका आल्या, काचतंतूच्या होड्या आल्या, आणि लाकडी होडी बांधणाऱ्याची निवड अधिकच संकुचित झाली. केरळात फणसाच्याच कुळातील ‘आंजिली’ हे होडीचे नेहमीचे लाकूड महाग होत गेल्यावर कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाचे लाकूड वापरून पाहिले. हे झाड मूळचे ब्राझीलचे. त्याचे लाकूड नुसते ठेवले तर बुरशी व कीड यांस लगेच बळी पडते. म्हणून ते रक्षक द्रव्यांत मुरवून, वरून काचतंतूचे वेष्टन देऊन त्याच्या लहान होड्या तयार केल्या गेल्या. चीक काढून काढून पंचवीस-तीस वर्षांत झाड निकामी झाले की मळ्याचा मालक ते स्वत:च तोडून विकतो, आणि त्यामुळेच ते स्वस्त मिळते.