गोरोबांचे थापटणे

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेल्या तेर या गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक परीक्षा झाल्याचे वारकरी परंपरा सांगते. संतमेळा जमला असता मुक्ताईने कुंभारकाम करणाऱ्या गोरोबाकाकांना विनविले की, थापटण्याने जसे मडके कच्चे की पक्के हे तुम्हांला कळते, तशी आमचीही पारख करा. आणि काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत अखेर नामदेवांना कच्चे ठरविले. कथा सांगणारे बहुधा येथे हसतात आणि थांबतात. परंतु कच्चे ठरलेले नामदेव पुढे औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, तेथे शिकले आणि पक्के झाले, हे कथेचे उत्तरांग पूर्वांगाहून अधिक मोलाचे आहे. पदव्युत्तर पदार्थविज्ञानाच्या पात्रतापरीक्षांना बसणाऱ्या या जिल्ह्यातील मुलामुलींचा इतिहास पाहताना मला ही कथा वारंवार आठवते; कारण येथे थापटणे सदैव दुरून आले, आणि विसोबांचे दारही पिढ्यान्पिढ्या तितकेच दूर राहिले.

हा जिल्हा निजामी अमलात असताना उच्च विद्येचे पीठ म्हणजे हैदराबाद. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली फर्मान काढून उस्मानिया विद्यापीठाची तजवीज केली आणि त्याच सुमारास पाठ्यग्रंथांच्या अनुवादासाठी दारुल तर्जुमा हे खाते उघडले. ज्या काळी हिंदुस्थानातील उच्च विद्या बहुतेक सर्वत्र इंग्रजीच्या ओसरीवर उभी होती, त्या काळी एका देशी भाषेतून पदार्थविज्ञान शिकविण्याचे धाडस या संस्थानाने केले, ही गोष्ट निःसंशय थोर होती. लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून परतलेले रझीउद्दीन सिद्दीकी याच विद्यापीठात गणिताचे अध्यापन करीत, यावरून तेथील विद्येची उंची ध्यानात यावी. मात्र ती देशी भाषा उर्दू होती. पदार्थविज्ञान तेथे ‘तबीआत’ झाले, उष्णता ‘हरारत’ झाली, वीज ‘बर्क’ झाली. आणि परंड्याच्या किंवा कळंबच्या ज्या मुलाच्या घरी चुलीची धग आणि वैशाखाचे ऊन एवढेच शब्द होते, त्याला सिद्धान्ताआधी परिभाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे.

वाटही सरळ नव्हती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी येडशीवरून जाई आणि १९११ साली ती लातुरास पोचली. धाराशिवच्या विद्यार्थ्याने आगगाडीने राजधानी गाठायची म्हटली, तर येडशीहून कुर्डुवाडी, तेथून मोठ्या गाडीने सोलापूर आणि वाडी, व वाडीहून हैदराबाद अशी एक वाट होती. म्हणजे आपल्याच संस्थानाच्या राजधानीला जाण्यासाठी त्याने आधी संस्थानाची सरहद्द ओलांडून मुंबई इलाख्यात शिरायचे. १९४० साली सोलापुरास दयानंद महाविद्यालय निघाले, तेव्हा सरहद्दीपलीकडचे हे शहर राजधानीपेक्षा कितीतरी जवळचे वाटावे, यात नवल नाही.

या व्यवस्थेला जिल्ह्याने दिलेले पहिले उत्तर म्हणजे १९२१ सालची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे धुरीण झालेले व्यंकटेश खेडगीकर या शाळेत मुख्याध्यापक होते. तेथे पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा नव्हती. परंतु आपल्या मुलांची विद्या आपल्या मुलखात, आपल्या भाषेत भाजली जावी, हा आग्रह तेथे मुळाशी होता.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान संपले, उस्मानियाची माध्यमभाषा उर्दूची इंग्रजी झाली, आणि तबीआतीचे ग्रंथ कपाटांत गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा विद्यापीठाचे अंतर हैदराबादेपेक्षा कमी झाले खरे, पण धाराशिवापासून ते अद्याप सुमारे अडीचशे किलोमीटर होते. पुढच्या काळात धाराशिव, उमरगा, कळंब, तुळजापूर, नळदुर्ग येथे महाविद्यालये निघाली. विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवास येण्यास मात्र २००४ साल उजाडले.

दरम्यान थापटणे बदलले. १९८४ पासून संशोधनाच्या अधिछात्रवृत्तीसाठी राष्ट्रीय पातळीवर परीक्षा घेतली जाऊ लागली, १९८९ मध्ये व्याख्यातेपदाची पात्रताही ‘नेट’ने ठरू लागली, आणि नव्वदीच्या दशकात राज्याची ‘सेट’ आली. एम.एस्सी.ची पदवी हाती असूनही माणूस पक्का ठरत नाही, हे या पिढीला प्रथमच कळले. २०११ पर्यंत विज्ञानाच्या नेटमध्ये दीर्घ उत्तरांचा एक पेपर असे. त्यानंतर सारी परीक्षा पर्यायी प्रश्नांची झाली. आज तीन तासांत दोनशे गुणांचे पंचावन्न प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला प्रश्नाचे पाव गुण वजा होतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. उर्दू गेली, इंग्रजी आली, हिंदी आली. मराठीची पाळी या शंभर वर्षांत आली नाही.

धाराशिवच्या एका अभ्यासिकेत मी एका मुलीची वही पाहिली. गोल्डस्टीन, ग्रिफिथ्स आणि पॅथ्रिया यांची झिजलेली पुस्तके शेजारी होती, आणि वहीत त्रिमितीय आंदोलकाच्या दुसऱ्या उत्तेजित पातळीवर किती अवस्था समान ऊर्जेच्या असतात, हा प्रश्न. सूत्र पाठ असूनही तिने प्रत्येक अवस्था हाताने मांडली होती: दोन-शून्य-शून्य, शून्य-दोन-शून्य, शून्य-शून्य-दोन, मग एक-एक-शून्य, एक-शून्य-एक, शून्य-एक-एक, एकूण सहा. समासात मराठीत टीप होती, ‘दोन दाणे, तीन वाट्या’. आंदोलक इंग्रजीतून आला होता. समजला होता तो मराठीतून.

रशियन शास्त्रज्ञ लांडाऊ आपल्याकडे येणाऱ्या तरुणांची परीक्षा स्वतः घेत. १९३४ ते १९६१ या काळात ती पार करणारे अवघे त्रेचाळीस निघाले. तीही गोरोबांचीच रीत: परीक्षक समोर, हात मडक्यावर, आणि निकालाची जबाबदारी त्याच हातावर. लक्षावधी उमेदवारांच्या देशात ही रीत चालणार नाही, आणि यंत्राने घेतलेल्या परीक्षेला दोष देऊनही काही साधणार नाही. उत्तर तपासताना यंत्र निदान गाव आणि जात विचारीत नाही. दोष आहे तो परीक्षेनंतरच्या रिकाम्या जागेचा. नापास झालेल्या विद्यार्थ्याला गुणपत्रक मिळते, विसोबा मिळत नाही.

ही उणीव भरून काढण्यास फर्मानाची आवश्यकता नाही. जिल्ह्यातील प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने आठवड्यातून एक सायंकाळ राखून ठेवावी, त्या दिवशी नेट-सेटला बसून आलेल्यांनी आपली चुकलेली उत्तरे फळ्यावर मांडावीत, आणि प्राध्यापकांनी ती मराठीतून त्यांच्यासह पुन्हा सोडवावीत. खडू, फळा आणि दोन तास एवढेच त्याला लागते.