आखाडा, रिंग आणि पडदा : दारासिंग यांची व्यावसायिक कुस्ती आणि मुंबई

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास बहुधा तालमीच्या दारापासून सुरू होतो आणि मानाच्या गदांच्या यादीपाशी येऊन थांबतो. राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूरचे खासबाग मैदान, हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधव यांनी मिळवलेले कांस्यपदक आणि १९६१ पासूनची 'महाराष्ट्र केसरी' हे या इतिहासाचे ठरलेले टप्पे होत. याच दशकांत मुंबईत तिकीट लावून चालणारी आणखी एक कुस्ती होती. ती लाल मातीच्या हौद्यात नव्हे, तर दोरांनी वेढलेल्या उंच चौथऱ्यावर, विजेच्या झगझगाटात होत असे. क्रीडा-इतिहासात तिला स्थान मिळाले नाही. उल्लेख झालाच तर 'ती काही खरी कुस्ती नव्हे' असा एका वाक्यात झाला.

हा निवाडा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. व्यावसायिक कुस्तीचा निकाल पूर्वनियोजित असतो हे मान्य केले, तरी हजारो माणसे पदरचे पैसे मोडून ती का पाहत होती आणि त्यांना पटेल असे काही उभे करण्यासाठी मल्लाला काय मोजावे लागत होते, हे प्रश्न उरतातच. दारासिंग यांची कारकीर्द या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ते पंजाबचे, पण त्यांच्या व्यवसायाचे आणि संसाराचे गाव मुंबई, अधिक नेमके सांगायचे तर उपनगरातील जुहू होते.

एका शब्दाची फरफट :

मराठी भाषेने या कुस्तीची नोंद इतिहासकारांच्या आधी घेतली. नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या की वृत्तपत्रे आजही 'फ्रीस्टाइल हाणामारी' असा मथळा देतात. वास्तविक फ्रीस्टाइल हा ऑलिम्पिकमधील नियमबद्ध कुस्तीप्रकार असून खाशाबांचे पदक त्याच प्रकारातील आहे. परंतु तिकिटांच्या कुस्त्यांचीही जाहिरात याच नावाने होऊ लागली आणि सामान्य वाचकाच्या मनात त्या शब्दाचा अर्थ 'नियम नसलेली मारामारी' असा पक्का झाला. संगनमताच्या लढतीसाठी तालमीत 'नुरा कुस्ती' हा शब्द पूर्वीपासून होताच. तो नव्या प्रकाराला न चिकटता 'फ्रीस्टाइल' चिकटला, ही बाब बोलकी आहे. नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक असते. रिंगमधील कुस्तीत प्रेक्षकाला थोडेबहुत ठाऊक असते आणि तरीही तो आरडाओरडा करतो.

रिंगमधील मल्ल :

दारासिंग यांचा जन्म अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक येथे १९२८ मध्ये झाला. १९४७ मध्ये ते सिंगापूरला गेले आणि तेथे हरनामसिंग यांच्या हाताखाली व्यावसायिक कुस्ती शिकले. भारतात परतल्यावर १९५४ मध्ये 'रुस्तम-ए-हिंद' हा किताब, १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्को यांच्यावरील विजयासह राष्ट्रकुल अजिंक्यपद आणि १९६८ मध्ये मुंबईत लू थेझ यांच्यावरील विजय, असा त्यांचा आलेख सर्वत्र सांगितला जातो.

यातील शेवटच्या विजयापाशी थोडे थांबले पाहिजे. या लढतीमुळे दारासिंग 'जगज्जेते' झाले असे चरित्रपर लेखनात येते. थेझ हे विसाव्या शतकातील थोर व्यावसायिक मल्लांपैकी एक, यात शंका नाही. परंतु १९६८ मध्ये ते ५२ वर्षांचे होते, आणि ज्या अमेरिकन संघटनेच्या जगज्जेतेपदामुळे त्यांची ख्याती होती ते पद त्यांनी १९६६ मध्येच जीन किनिस्की यांच्याकडे गमावले होते. मुंबईत पणाला लागलेले 'जगज्जेतेपद' म्हणजे मुख्यतः आयोजकांनी लावलेले बिरुद होते. दारासिंग पाचशे लढतींत अजिंक्य राहिले, हे विधानही याच जातीचे. रिंगच्या व्यवसायात अजिंक्य असणे ही भूमिका असते, विक्रम नव्हे.

मग दारासिंग यांचे खरे काय होते? त्यांचे शरीर आणि त्यामागची तालीम. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये जमणारा प्रेक्षक कुस्ती न कळणारा नव्हता. गिरणगावातील व्यायामशाळांत जोर-बैठका मारणारे, गावच्या जत्रेतील कुस्त्या पाहत वाढलेले कामगार त्यात असत. पकड कशी घ्यावी, मान कशी राखावी हे त्यांना कळत होते. अशा डोळ्यांपुढे केवळ अभिनय टिकला नसता. समोर किंग काँग या नावाने वावरणारा अवाढव्य हंगेरियन मल्ल, आणि इकडे आखाड्याची अदब सांभाळणारा देशी गडी, ही मांडणी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात किती परिणामकारक ठरली असेल हे वेगळे सांगायला नको. परकीय खलनायक पडला पाहिजे हे ठरलेलेच होते. मात्र तो पाडणारा माणूस पाडू शकेल असा दिसावा लागे.

या व्यवसायात प्रतिस्पर्धी हा सहकारीही असतो. उचलून आपटताना समोरच्याची मान वाचवणे, पडताना पाठ सपाट टेकवून आघात वाटून घेणे, आवाज मोठा आणि इजा लहान ठेवणे हे त्यातील कसब. रात्रीमागून रात्री, गावोगाव फिरत हे करताना सांधे आणि मणके झिजतात. निकाल ठरलेला असला तरी पडणे खरेच असते.

चित्रपट आणि दूरचित्रवाणी :

मुंबईने दारासिंग यांना आणखी एक रिंग दिली. 'किंग काँग' (१९६२), 'फौलाद' (१९६३), 'सॅमसन' (१९६४), 'सिकंदर-ए-आझम' (१९६५) अशा चित्रपटांची रांगच लागली. ज्या नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी ते रिंगमध्ये झुंजले तेच नाव त्यांच्या पहिल्या गाजलेल्या नायकप्रधान चित्रपटाला मिळावे, यात मुंबईच्या बाजाराची नजर दिसते. समीक्षकांनी हे चित्रपट दुय्यम मानले. प्रेक्षकाच्या लेखी मात्र रिंग आणि पडदा एकमेकांची साक्ष देत होते : पडद्यावरचा पराक्रम रिंगमुळे खरा वाटे आणि रिंगमधील मल्ल पडद्यामुळे मोठा वाटे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा दारासिंग यांच्या रिंगमधील उमेदीचा काळ सरत आला होता. १९८३ मध्ये दिल्लीत त्यांनी निवृत्ती घेतली. म्हणजे त्यांची कुस्ती दूरचित्रवाणीने घडवलेली नाही. उलट निवृत्त मल्लालाच दूरचित्रवाणीने वापरले. 'बजरंगबली' (१९७६) या चित्रपटात त्यांनी हनुमान साकारला होता. रामानंद सागर यांच्या 'रामायण' (१९८७-८८) मालिकेत साठीला टेकलेल्या दारासिंग यांनी तीच भूमिका पुन्हा केली, आणि तालमीतल्या कोनाड्यात ज्या दैवताची तसबीर असते ते दैवत त्यांच्या चेहऱ्याने घरोघरी पोहोचले. २००३ ते २००९ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते.

जखमेची साक्ष :

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांबरोबर अमेरिकन व्यावसायिक कुस्ती अंधेरी-घाटकोपरच्या चाळींत आणि सोसायट्यांत शिरली. मुले मल्लांच्या चित्रांची पत्ते-कार्डे खेळू लागली. या नव्या प्रेक्षकाने हौदा पाहिलेला नव्हता; पकड त्याला कळत नव्हती. त्याला खात्री पटवण्यासाठी दुसरा पुरावा लागणार होता. तो 'हार्डकोअर' प्रकाराने पुरवला : खुर्च्या, टेबले, शिड्या, काटेरी तार आणि रक्त. जून १९९८ मध्ये पिट्सबर्ग येथे मिक फोली हा मल्ल पोलादी पिंजऱ्याच्या छतावरून खाली कोसळला, ते दृश्य या प्रकाराचे प्रतीक ठरले. त्याच वर्षी तेथील प्रमुख संस्थेने 'हार्डकोअर' अजिंक्यपद सुरू केले आणि २००२ मध्ये ते गुंडाळले. २००७ मध्ये क्रिस बेन्वा या मल्लाच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत गंभीर हानी आढळली. डोक्यावर खुर्ची मारण्यास त्या संस्थेने २०१० मध्ये बंदी घातली. तोवर अनेक मल्लांची डोकी खर्ची पडली होती.

येथे दारासिंग यांच्या पिढीशी असलेला फरक स्पष्ट होतो. तेथे विश्वासाचा आधार कौशल्य होते, येथे इजा. कौशल्य जपून वापरता येते. इजा दर वेळी आधीपेक्षा मोठी दाखवावी लागते.

भारतीय मल्लही यातून सुटले नाहीत. २००७ मध्ये अमेरिकन रिंगमध्ये जगज्जेता ठरलेला 'ग्रेट खली' फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडातील हल्द्वानी येथे स्वतःच्याच कार्यक्रमात परदेशी मल्लांच्या खुर्चीच्या माराने जखमी झाला आणि काही दिवसांत पट्टी बांधून डेहराडूनच्या रिंगमध्ये उतरून जिंकला. जखम खरी की बनाव, हीच चर्चा प्रेक्षकांत रंगली. कुस्ती कशी झाली हे कोणी विचारले नाही.

महाराष्ट्रात दूरचित्रवाणीसाठी अशी रिंग उभारण्याचा ठळक प्रयत्न पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात झाला. अमेरिकन संस्थेच्या साहाय्याने चित्रित झालेली 'रिंग का किंग' ही मालिका जानेवारी २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर सुरू झाली. देशी नायक आणि परदेशी खलनायक ही वरळीची जुनी मांडणी तिच्यात जशीच्या तशी होती. एका हंगामानंतर मालिका पुन्हा आली नाही. त्याच वर्षी १२ जुलै रोजी दारासिंग यांचे मुंबईत राहत्या घरी निधन झाले. अमेरिकेतील ज्या संस्थेच्या रिंगमध्ये त्यांनी कधी कारकीर्द केली नाही, तिने २०१८ मध्ये आपल्या मानवंतांच्या यादीत त्यांचे नाव घातले. वरळीच्या त्या लढती कोणी ठरवल्या, मल्लांना किती बिदागी मिळाली, पडद्यामागे कोण जायबंदी झाले, याचा हिशेब मात्र कुस्तीच्या मराठी ग्रंथांत अद्याप मांडला गेलेला नाही. आणि त्या रात्री स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.