प्रा. मनमोहन शर्मा : रासायनिक अभियांत्रिकीचे आचार्य

आपल्या कारंजा-वाशीमकडील कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाई. पण कापडाच्या रंगरसायनाचे जाणकार देशात थोडे होते. ती उणीव भरून काढण्यासाठी मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजेच सुपरिचित 'यूडीसीटी', स्थापन केला. प्रा. मनमोहन शर्मा यांची कर्मभूमी हीच.

त्यांचा जन्म १ मे १९३७ रोजी जोधपूरचा. १९५८ मध्ये याच विभागाची पदवी घेऊन ते केंब्रिजला प्रा. डँकवर्ट्स यांच्याकडे गेले. तेथे पीएच.डी. संपादून १९६४ मध्ये परतले व अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी येथेच प्राध्यापक झाले. त्या काळी विलायतेहून असे परतणे ही लहान गोष्ट नव्हे.

कारखान्यातील पात्रात द्रवातून वायूचे असंख्य बुडबुडे सोडतात. वायू द्रवात मुरतो तो बुडबुड्यांच्या पृष्ठभागातून. पण त्या फेसाचे क्षेत्रफळ मोजावे कसे? जिचा वेग आधीच ठाऊक आहे अशी रासायनिक क्रिया पात्रात घडवावी, किती वायू शोषला गेला ते पाहावे आणि त्यावरून क्षेत्रफळ काढावे. ही पद्धत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नाना पात्रांवर वापरली. गज न लावता ठाण मोजण्याचाच हा प्रकार!

१९८९ ते १९९७ ते विभागाचे संचालक होते. १९९० मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. २००१ मध्ये पद्मविभूषण लाभले. विभाग २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. २०२५ मध्ये त्यांचे विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी गुरुदक्षिणा म्हणून संस्थेला १५१ कोटी रुपये विनाअट जाहीर केले.