सदतीस पावलांमागे एक पाऊल वर: बोरघाटाच्या चढाची गोष्ट

सक्करदऱ्याच्या उड्डाणपुलावर सायकल चढवताना मांड्या भरून येतात ना? आपलं नागपूर तसं सपाट, म्हणून तेवढा चढही जाणवतो. पण तो 'किती' आहे, हे सांगायचं कसं?

हिशोब सोपा आहे. आडवं किती गेलो आणि त्यात वर किती चढलो, एवढंच बघायचं. ३० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर आलो, तर चढ '१:३०', म्हणजेच साधारण ३.३ टक्के. मैदानी भागातल्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने नेहमीचा चढ इतकाच ठेवायला सांगितलाय. डोंगरात तो ५ टक्के, म्हणजे १:२०.

इथे एक घोळ होतो. १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत नाही हं! १०० मीटर पुढे, १०० मीटर वर, म्हणजे फक्त ४५ अंश. फोनमधलं लेव्हलचं ॲप अंश दाखवतं, त्यामुळे १:३० च्या रस्त्यावर ते जेमतेम २ अंश दाखवेल. आकडा लहान दिसतो, पण दम तेवढाच लागतो.

आता चला बोरघाटात. १८५६ मध्ये जीआयपी रेल्वेने इथे काम सुरू केलं. मुख्य इंजिनिअर होते जेम्स बर्कले. लोणावळ्यापर्यंत १८३१ फूट चढायचं होतं. १:१० चा चढ धरला असता तर साडेतीन मैलांत काम झालं असतं. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी, त्यामुळे एवढ्या चढावर ते घसरणार. म्हणून जास्तीत जास्त चढ ठरला १:३७, म्हणजे अवघे २.७ टक्के.

चढ कमी केला की लांबी वाढते, यातून सुटका नाही. साडेतीन मैलांचे झाले जवळपास सोळा. वाटेत २५ बोगदे, मोठमोठे पूल आणि गाडीने दिशा बदलून पुढे जावं असं रिव्हर्सिंग स्टेशन.

ही वाढलेली लांबी खोदली कुणी? १८६१ मध्ये इथे ४२ हजारांवर मजूर राबत होते. बाया-माणसं, सगळीच. कातळात सुरुंग लावायचे, कड्यावर दोराला लटकून भोकं पाडायची. कॉलऱ्याने माणसं पटापट गेली. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर भडकले. त्याच वर्षी नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आले आणि काही आठवड्यांतच वारले. मग त्यांची पत्नी ॲलिस हिने ठेका हाती घेतला आणि काम चालू ठेवलं. एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला.

बर्कले आणि ट्रेडवेल यांची नावं इतिहासात आली. हजारो मजुरांची मात्र नाही. म्हणून यापुढे '१:३७' दिसलं की त्यातला 'एक' म्हणजे डोंगराची उंची समजा, आणि 'सदतीस' म्हणजे ती उंची सोपी करायला माणसांनी फोडलेला कातळ. चढ जितका सोपा, तितके कुणाचे तरी हात जास्त राबलेले.

घाटात गाडी हळू चालवा. भेटूया पुढच्या भागात!