दयाळ : नाव व ओळख यांचा इतिहास

मस्किकॅपिडी (माशीमार) कुलातील एक गायक पक्षी. शास्त्रीय नाव कॉप्सिकस सॉलॅरिस. कोकणात माडापोफळीच्या वाड्यांत व घरांच्या परसांत तो नेहमी आढळतो. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या किनारी वस्तीतही पहाटे घराच्या कोनावर बसून गाणारा हाच. इतक्या परिचित पक्ष्याची ओळख यूरोपीय अभ्यासकांना मात्र पुष्कळ घोळानंतर पटली.

मद्रास येथील शल्यवैद्य एडवर्ड बल्कली यांनी ‘सौलारी’ या देशी नावानिशी एक नर लंडनला जेम्स पेटिव्हर यांच्याकडे पाठविला. त्याचे वर्णन जॉन रे यांच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आले. पुढे एलिएझर ॲल्बिन यांनी देशी नावाचे ‘डायल बर्ड’ असे रूप केले आणि तेथून गोंधळास सुरुवात झाली. ‘डायल’ म्हणजे तबकडी, असे समजून फ्रेंच पक्षिविद ल व्हायां यांनी पक्ष्याला चक्क सूर्यघड्याळाचे नाव दिले! लिनीअस यांनी १७५८ मध्ये योजलेले ‘सॉलॅरिस’ हे ‘सोलॅरिस’ (सूर्याचे) या शब्दाचा लेखनप्रमाद होय, असे टी. सी. जर्डन यांचे मत होते. एडवर्ड ब्लाइथ यांनी ते अमान्य करून शंभर गाणी या अर्थाच्या ‘सौलारी’कडे बोट दाखविले. हा खुलासा पक्ष्याच्या स्वभावाशी अधिक जुळतो. लिनीअस यांनी त्याला मैनांच्या ग्रॅक्युला वंशात घातले होते. नंतर तो कस्तुरांत गणला गेला. रेणवीय अभ्यासानंतर त्याला माशीमारांत स्थान मिळाले.

रत्नागिरी परिसराचे पक्षिजीवन जी. डब्ल्यू. विदाल या मुलकी अधिकाऱ्यांनी १८८० मध्ये ए. ओ. ह्यूम यांच्या स्ट्रे फेदर्स या नियतकालिकात दक्षिण कोकणच्या पहिल्या यादीच्या रूपाने मांडले.

दयाळाची लांबी सु. १९ सेंमी. असते. नराचे डोके, पाठ व छाती चकचकीत निळसर काळी, पोट पांढरे आणि पंखावर पांढरा पट्टा असतो; मादीत काळ्याच्या जागी करडा रंग असतो. शेपटी वारंवार उभारण्याची सवय चिरकालाही आहे. मात्र चिरक उघड्या, खडकाळ सड्यावर रमतो, त्याच्या शेपटीखाली तांबूस रंग असतो आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या नसतात. मार्च ते जुलै या विणीच्या काळात नर उंच जागेवरून गातो व इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे असते. इतर काळात तो झुडपांत वावरतो व केवळ कर्कश ‘चर्र’ असा आवाज काढतो. त्यामुळे तो निघून गेला असा समज होतो. वस्तुतः तो स्थलांतर करीत नाही.

गाण्यासाठी दयाळ पिंजऱ्यात पाळण्याची प्रथा जुनी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्याला पकडणे किंवा विकणे भारतात गुन्हा आहे. बांगला देशाचा ‘दोयेल’ हा राष्ट्रीय पक्षी म्हणजे दयाळच होय.