शेटलंडच्या सुया आणि रोख मजुरी



पत्रिकेवर आमचे नाव आणि त्याखाली हा विषय पाहून दोन-तीन स्नेह्यांनी आम्हांला वाटेत गाठले. म्हणाले, "तुम्ही युनियनवाले. तुमचा आणि बायकांच्या लोकरीकामाचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. आम्हांला एक टाकाही घालता येत नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते गेटसभेत आणि वाचनालयाच्या बाकावर. पण गेल्या आश्विनात आमच्या मुलीने मोबाइलवर एक चित्रमाला दाखवली. दूर उत्तर समुद्रातली बेटे, बाहेर गार वारा, आत शेगडीपाशी रंगीबेरंगी लोकरीचे गुंडे घेऊन बसलेल्या हसतमुख बाया. मुलगी म्हणाली, "बाबा, किती निवांत आहे हे!" आम्ही सवयीने विचारले, "यांना मजुरी काय मिळत असे?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंग्रजी कोश शेजारी ठेवून आम्ही जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

त्या बेटांचे नाव शेटलंड. स्कॉटलंडच्याही उत्तरेला, साठ अंश अक्षांशावर ही शंभरेक बेटे विखुरलेली आहेत. १४६९ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्याची रक्कम देता येईना म्हणून ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली. गहाण काही सुटले नाही. हुंड्यापायी जमीन गहाण पडण्याची रीत आपल्याकडचीच, असे आम्ही आजवर समजत होतो!

जमीन निकस, झाड औषधाला नाही. पुरुष मासेमारीला, देवमाशांच्या शिकारीला, नाहीतर आरमारात. घर, शेताचा तुकडा, गाय आणि मेंढरे बायकांच्या गळ्यात. मेंढी लहानखुरी, पण तिची लोकर अतिशय मऊ. उन्हाळ्याच्या तोंडाला ती कातरत नसत, हातानेच उपटून घेत. मग शरद लागला, कापणी उरकली, दिवस भराभर लहान होऊ लागले, की लोकरीचा खरा हंगाम सुरू होई. डिसेंबरात तिथे दिवस सहा तासांचाही नसतो. लांबलचक संध्याकाळी शेजारणी एका घरी जमत, लोकर पिंजत, कातत, विणत. गप्पा, गाणी आणि कधी सारंगीसारखे वाद्य. दलदलीतली माती वाळवून जाळायची, तीच शेगडी. दिवा एक आणि हात पंधरा-वीस. मुलीने दाखवलेल्या चित्रातला निवांतपणा खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. जात्यावर बसलेल्या आमच्या आज्यांनाही ओवी सुचत होतीच की.

पण विणकाम त्या संध्याकाळपुरते नव्हते. कमरेला एक चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली भोकाभोकांची गादी. सुईचे एक टोक त्यात खोचले की एका हातावरचा भार उतरे आणि चालता चालता विणता येई. तशी ती बाई पाठीवर जळणाच्या मातीची टोपली घेऊन मैलोगणती चाले आणि चालताना मोजा विणी. आमच्याकडचे धनगर मेंढरांमागे चालताना लोकर कातीत जातात, त्याची इथे आठवण होते. फरक एवढाच की आमच्याकडे ते सूत पुढे सणगराच्या मागावर जाते आणि त्याचे घोंगडे होते. तिकडे सूत, विण आणि वस्तू सगळे एकाच बाईच्या हातचे.

अनस्ट नावाच्या बेटावरच्या जाळीदार शाली इतक्या तलम, की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून घ्यावी. १८३७ साली आर्थर अँडरसन या शेटलंडच्याच गृहस्थाने व्हिक्टोरिया राणीला तिथले तलम मोजे भेट दिले आणि लंडनच्या बड्या बायकांत या मालाची हवा झाली. हा अँडरसन म्हणजे पी. अँड ओ. या जहाज कंपनीचा एक संस्थापक. मुंबई बंदरात ज्यांच्या आगबोटी वर्षानुवर्षे टपाल आणि साहेब उतरवीत होत्या, तीच ही कंपनी. एवढी मागणी आली, तेव्हा विणणारीच्या घरात चार पैसे आले असतील असे कोणालाही वाटेल.

पैसे आले नाहीत. चहा आला.

१८७२ च्या जानेवारीत विल्यम गथ्री नावाचे सरकारी आयुक्त लर्विक या मुख्य गावी येऊन बसले. मजुरी रोख न देता मालात देण्याच्या पद्धतीची, इंग्रजीत तिला 'ट्रक' म्हणत, त्यांना चौकशी करायची होती. त्यांनी घेतलेल्या जबान्या छापलेल्या आहेत; हजारो प्रश्न आणि हजारो उत्तरे. कोळी आहेत, सावकार आहेत, पाद्री आहेत. पण आम्ही खिळून राहिलो ते विणणाऱ्या बायांच्या साक्षींपाशी. कामगार चळवळीत एवढी वर्षे काढल्यावर साक्षीदार घाबरून कुठे थांबतो आणि कुठे धीर करून बोलतो, ते कागदावरही कळते.

व्यवहार असा. बाई शाल घेऊन दुकानात जाई. व्यापारी किंमत सांगे आणि तेवढ्या किमतीचा माल घ्यायला लावी. चहा, कापड, झगे, फिती. पीठ नाही, बटाटे नाहीत, पैसे तर नाहीतच. तेवढा माल त्या दिवशी नको असेल तर शिल्लक रकमेची एक चिठ्ठी मिळे. ती चिठ्ठी फक्त त्याच दुकानात चाले. घरात पीठ हवे असेल तर बाई तो चहा घेऊन शेजारच्या शेतकरणीकडे जाई आणि घासाघीस करून चहाचे पीठ करी. आणि यातली खरी मेख पुढे आहे. नवी शाल विणायला सूत हवे; ते विकत घ्यायला गेले की दुकानदार सांगे, सुताला रोख पैसे पडतील! म्हणजे शाल दिली तर पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर शाल नाही. कोणत्या अर्थशास्त्रज्ञाने हे चक्र रचले कोण जाणे. बहुधा कोणीच रचले नव्हते. ते दुकानदाराच्या सोयीने आपोआप जमून आले होते.

गथ्रींनी विचारले, पैसे मागितलेत का? बाया म्हणाल्या, मागून काय उपयोग, मिळत नाहीत हे ठाऊक आहे. व्यापाऱ्यांनी ही उत्तरे आपल्या बाजूला वळवली: बघा, कोणी पैसे मागतच नाही, सगळ्या खुशीने माल नेतात. काही व्यापाऱ्यांनी तर प्रामाणिकपणे सांगून टाकले की शालीवर आम्हांला काही सुटतच नाही, जे सुटते ते दिलेल्या मालावर. त्यांनी ही सबब म्हणून सांगितली. आम्ही ती कबुली म्हणून वाचली.

कायदा नव्हता का? होता. मजुरी नाण्यातच दिली पाहिजे असा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ पासूनच होता. पण तो मालक आणि मजूर यांना लागू. व्यापाऱ्याचे सूत घेऊन विणणारी बाई मजूर म्हणता आली असती. स्वतःच्या मेंढीची लोकर कातून शाल विणणारी बाई मात्र कायद्याच्या दृष्टीने मजूर नव्हे, विक्रेती! दोन समान व्यापारी आपखुशीने सौदा करीत आहेत, त्यात सरकार कशाला पडेल? श्रोत्यांत कामगार वस्तीतली मंडळी असतील तर ही भाषा त्यांच्या कानाला नवी वाटणार नाही.

पंधरा वर्षे गेली. १८८७ साली कायदा सुधारला तेव्हा त्यात दहावे कलम आले, आणि आमच्या मते ते कामगार-कायद्याच्या इतिहासातल्या शहाण्या कलमांपैकी एक आहे. त्याचा मथितार्थ असा: घरबसल्या, घरच्या माणसांखेरीज कोणाला हाताखाली न घेता, लोकर किंवा सूत वगैरेंची पाच पौंडांहून कमी किमतीची वस्तू जो बनवतो आणि धंदेवाल्या व्यापाऱ्याला विकतो, त्याच्या वस्तूची किंमत ही मजुरीच समजावी आणि ती रोखच द्यावी. बाईला विक्रेती म्हणा की आणखी काही म्हणा, पैसे मोजा! अर्थात कलम छापले म्हणून दुकाने दुसऱ्या दिवशी सुधारली नाहीत. मालाच्या बदल्यात माल देणे विसाव्या शतकातही चालू राहिले. ज्या दुकानदारावर हिवाळ्याची उधारी अवलंबून, त्याच्याविरुद्ध फिर्याद कोण करणार?

आपल्याकडचा हिशेब याहून फार वेगळा नाही. मुंबईच्या गिरण्यांत कापड बिघडले की ते विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेत. १९२८ च्या संपाच्या मागण्यांमागे असल्या कपातींचा संताप होता. मजुरी नाण्यात किंवा नोटांत द्यावी हे आपल्याकडे १९३६ च्या वेतन-अदायगी कायद्याने लिहिले गेले. घरी बसून काम करणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार जिनीव्हात १९९६ साली झाला; त्यावर भारताने सही केलेली नाही.

१९२२ साली इंग्लंडच्या युवराजाने गोल्फ खेळताना फेअर आइल बेटाच्या नक्षीचा स्वेटर घातला आणि ती नक्षी जगभर गाजली. हाच युवराज १७ नोव्हेंबर १९२१ ला मुंबईत उतरला होता, तेव्हा शहराने हरताळ पाळला होता. २०१० पासून शेटलंडमध्ये दर शरदात लोकर-सप्ताह भरतो. देशोदेशींची माणसे तिकीट काढून विणायला जातात. जावे त्यांनी, आमच्या मुलीलाही जायचे आहे, आणि आम्ही नाही म्हटलेले नाही. ज्या सुईने पोट भरायचे नाही, ती सुई हातात हलकी लागत असणार.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगून रजा घेतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या बाया एका ठेकेदारासाठी घरी बसून कपड्यांना काज-बटण करीत. तो मजुरीऐवजी कुपने देई. ती एकाच किराणा दुकानात चालत, आणि तिथे तेल बाजारभावापेक्षा महाग होते. आम्ही बोलायला गेलो तर म्हणाला, "या माझ्या कामगार नाहीतच, स्वतंत्र धंदा करतात." सात आठवडे काम बंद ठेवल्यावर तो रोखीवर आला. मागची कुपने मात्र त्याने बदलून दिली नाहीत. एका बाईने आपली नऊशे रुपयांची कुपने आमच्या हाती ठेवली आणि म्हणाली, "दादा, तुमच्याकडंच राहू द्या, कधीतरी कोणाला दाखवायला लागतील." ती आम्ही आज बरोबर आणली आहेत. ज्यांना पाहायची असतील त्यांनी सभेनंतर इथे मंचापाशी यावे.