बेवारस पिशवी आणि निनावी हाक

हैदराबादेतील काचीगुडा हे नाव मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या कानी आगगाडीच्या शिट्टीबरोबरच पडले. निजामाच्या रेल्वेने १९१६ साली येथे घुमटांचे देखणे स्थानक उभारले. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड करीत येणाऱ्या मीटरगेज गाडीने विद्यार्थी, कारकून, वकील आणि यात्रेकरू वळकट्या-ट्रंका घेऊन या फलाटावर उतरले. शेजारच्या उतारूस “सामानाकडे जरा लक्ष असू द्या” असे सांगून पाणी आणावयास जाण्यात त्या काळी कोणास काही वावगे वाटत नसे. आज त्याच फलाटावर एखादी पिशवी एकटी पडलेली दिसली, तर लोक दूर सरतात आणि पोलिसांना वर्दी जाते. हा पालट भित्रेपणातून झालेला नाही. त्यामागे मोठी किंमत देऊन मिळालेले अनुभव आहेत.

काचीगुड्याहून कोठी ही पायवाटेची मजल. २५ ऑगस्ट २००७ रोजी सायंकाळी हुसेनसागराकाठच्या लुंबिनी उद्यानात आणि पाठोपाठ कोठीच्या गोकुळ चाट या गजबजलेल्या उपाहारगृहात स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्याच रात्री दिलसुखनगर येथे पादचारी पुलाखाली न फुटलेला आणखी एक बॉम्ब सापडला आणि तो निकामी करण्यात आला. पुढे २१ फेब्रुवारी २०१३ रोजी याच दिलसुखनगरात सायकलींवर ठेवलेले दोन बॉम्ब थोड्या मिनिटांच्या अंतराने फुटले. एक स्फोट झाला म्हणजे संकट टळले असे समजू नये, दुसऱ्याचा शोध आधी घ्यावा, हा धडा या शहरास असा दोनदा मिळाला.

मुंबई आणि पुणे येथील दोन प्रसंगही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर प्रवाशांचे सामान विखरून पडले होते. ते गोळा करून एका बाजूस ठेवण्यात आले. त्याच ढिगातील एका पिशवीत तब्बल आठवड्याने, ३ डिसेंबरला, सुमारे आठ किलो स्फोटके आढळली. तोवर त्या ढिगाजवळून रोज हजारो लोक येत-जात होते. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत टेबलाखाली एक पिशवी बेवारस राहिली. ती उघडून पाहण्याचा प्रयत्न होताच स्फोट झाला, असे त्या वेळी नोंदले गेले. सतरा जीव गेले. एके ठिकाणी पिशवीची शंका आली नाही. दुसऱ्या ठिकाणी शंकेचे निरसन करण्यासाठी हात पुढे झाला.

पोलिसांची आजची रीत अशा अनुभवांतून पक्की झाली आहे. वस्तूस कोणीही हात लावावयाचा नाही. लोकांना दूर न्यावयाचे, तेही धावपळ न करता, कारण चेंगराचेंगरीही तितकीच घातक असते. जवळपास भ्रमणध्वनी वा बिनतारी यंत्र वापरावयाचे नाही. मग बॉम्ब शोधक व नाशक पथक आणि श्वानपथक येते. भोवती वाळूच्या गोण्या रचल्या जातात, यंत्राने तपासणी होते, आणि शंका दृढ झाल्यास वस्तू दुरूनच निकामी केली जाते किंवा मोकळ्या जागी नेली जाते. बहुधा आत जुने कपडे आणि डबा निघतो. पाहणारे हसतात, परंतु जो जवान जड चिलखत चढवून त्या डब्याकडे एकटा चालत गेला, त्यास तो डबा आहे हे ठाऊक नव्हते.

निनावी दूरध्वनीचा प्रश्न याहूनही अवघड आहे. २२ जुलै १९४६ रोजी जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलात बॉम्ब फुटण्यापूर्वी दूरध्वनीने इशारा देण्यात आला होता. तो कोणापर्यंत केव्हा पोचला यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण हॉटेल रिकामे झाले नाही आणि ९१ माणसे मेली. म्हणून पोलीस कोणताही इशारा प्रथम खराच धरतात. बोलणाऱ्यास बोलते ठेवावे, त्याचे शब्द जसेच्या तसे टिपावे, वेळ नोंदवावी, मागून घंटा वा गाडीचा आवाज येतो का ते ऐकावे, ही त्यांची शिकवण आहे.

खोटी हाक देणारा नेमका याच कर्तव्यबुद्धीचा गैरफायदा घेतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विमानांना अशा शेकडो खोट्या धमक्या आल्या. दिल्लीहून शिकागोस निघालेले एक विमान तर कॅनडाच्या हिमप्रदेशातील इकालुइट येथे उतरवावे लागले. एका ओळीच्या संदेशाने वृद्ध, रुग्ण आणि लेकुरवाळ्या स्त्रिया परक्या थंडीत अडकून पडल्या. आपल्या शहरांतही असा एक दूरध्वनी स्थानक रिकामे करवितो, गाड्या खोळंबवितो आणि जे पथक अन्यत्र खरोखर हवे असते त्यास गुंतवून ठेवतो.

बॉम्बवाल्यांसाठीचा कायदा जुना आहे. मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतर १९०८ साली इंग्रज सरकारने तो घाईने केला, आणि त्याच बॉम्बप्रकरणावरील ‘केसरी’तील लेखांसाठी लोकमान्यांना मंडालेस जावे लागले. तो कायदा आजही चालू आहे. निनावी धमकीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ अन्वये धमकीच्या मूळ शिक्षेखेरीज दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तथापि शिक्षेने सारी हानी भरून येत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, तेव्हा खोडकर पोराची फजिती रंगवतो. बळी मात्र मेंढरांचा गेला, हे विसरतो. खोट्या हाकांनी लोकांचे कान निबर झाले, तर खऱ्या हाकेस कोणी धावणार नाही.

आपल्या देवळांतून पालखी, जत्रा, गणेशोत्सव यांनिमित्त अफाट गर्दी होते, आणि पिशवी कोपऱ्यात ठेवून दर्शनास जाण्याची सवय अजून सुटलेली नाही. ती सोडणे ही एक प्रकारची सेवाच होय. बेवारस वस्तू दिसली तर हात न लावता, आरडाओरड न करता कार्यकर्त्यांस व पोलिसांस सांगावे. १०० किंवा ११२ क्रमांक प्रत्येकास पाठ असावा. आणि घरातील पोराने गंमत म्हणून तो क्रमांक फिरविला, तर हसून सोडू नये. सामान एकमेकांच्या भरवशावर टाकून जाण्याचे काचीगुड्याच्या फलाटावरील ते दिवस परत येणार नाहीत. एकमेकांच्या जिवावर लक्ष ठेवणे मात्र अद्याप आपल्या हाती आहे.